पाताळवाणीचा खोकला

क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सगळं जग दिसतं, फक्त स्वतःच्या हुकाखाली काय चाललंय तेवढं दिसत नाही. निदान तिचं तरी असं ठाम मत होतं, आणि त्या मतावरच तिचं पोट चालत होतं. भिंतीआड, खड्ड्यात, छपराच्या भोकातून आत, जिथे जिथे क्रेनवाल्याची नजर पोचत नाही तिथे ती पिवळं हेल्मेट घालून, हातात वॉकीटॉकी धरून उभी राहायची आणि वरच्या माणसाचे डोळे व्हायची. डोळे कसले, आवाज. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडे जरा, येऊ दे, हळू, हळू, हळू... बस."

नव्या माणसाला ही नुसती बडबड वाटायची. पण तो कामाचा नियमच होता. वजन क्रेनवाल्याच्या नजरेआड गेलं की खालच्याने बटण दाबून धरायचं आणि वजन हलतंय तोवर अखंड बोलत राहायचं. आवाज चालू तोवर क्रेन चालू. आवाज थांबला की क्रेन थांबली. का थांबला ते वरच्याने ठरवायचं नाही. बॅटरी संपली असेल, बोलणारी पाय घसरून पडली असेल, काय वाटेल ते असेल. आधी थांबायचं, मग विचारायचं.

वरचा माणूस म्हणजे घारोबा. उंचावर बसतो म्हणून घार, आणि वयाने मोठा म्हणून घारोबा. तिचं नाव पाताळवाणी त्यानेच पाडलं होतं. "आकाशवाणी वरून येते," तो नव्या कामगारांना सांगायचा, "आमची खालून येते. आणि आकाशवाणी निदान एकदा बोलून गप्प तरी बसते."

तीही उसनं ठेवणारी नव्हती. "उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले," ती म्हणायची, "पण शेळी कुठे आहे ते दरवेळी खालून विचारून घेणारा उंटवाला हा एकच."

वर्षानुवर्षं ही जोडी एकाच कंपनीत, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जात होती. जेवणाच्या सुट्टीत घारोबा खाली उतरला की दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचायचं नाही. वॉकीटॉकीवर मात्र दोघं अशी बोलायची, जणू एकाच देहाचे दोन भाग.

आणि मग तिच्या गळ्यात गाठ आली.

थायरॉइडची. ती सापडली तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशन झालं, अर्धी ग्रंथी काढली, गाठ साधी निघाली, जीव भांड्यात पडला. भूल उतरल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला तो "येऊ दे". नर्सला वाटलं पाणी मागतेय. नवऱ्याला कळलं. तो बाहेर जाऊन आईला म्हणाला, "आवाज आहे. जशाचा तसा आहे."

आवाज होता. पण त्याच्या पाठोपाठ, बोलावणं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा, खोकला आला.

आधी सगळे म्हणाले, नळी घातली होती ना घशात, जाईल आठवड्याभरात. आठवडा गेला, खोकला राहिला. गळ्यावरची जखम भरून आली, वण फिकट झाला, सूज उतरली, खोकला राहिला. कफ नाही, ताप नाही. नुसती एक खाज उठायची, गळ्याच्या आत, अगदी वणाच्या पाठीमागे कुणी पिसाने गुदगुल्या कराव्यात तशी. मग ती खोकायची. एकदा खोकली की दहादा. बोलताना यायचा, हसताना यायचा, थंड वारा लागला की यायचा. शेजारच्या घरी माणूस गेलं म्हणून भेटायला गेली, तर तिथल्या शांततेत असा काही सुटला की घरातल्या बायका रडणं थांबवून तिलाच पाणी द्यायला धावल्या.

सासूबाईंचा मध झाला, कोमट पाणी झालं, वाफारे झाले. शेवटी त्यांनी हात टेकले. "घरात सून आहे की जुनी मोटारसायकल, तेच कळेनासं झालंय," त्या लेकाला म्हणाल्या. "किक मारते, किक मारते, सुरू म्हणून होत नाही."

"आई, ऐकतेय हं मी," ती आतून म्हणाली, आणि खोकली.

"बघ. मारली परत."

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. तो कापड बेतत असला की तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे सासू-सुनेच्या भांडणात तो कायमचा मूग गिळून बसल्यासारखा दिसायचा. त्या टाचण्या म्हणजे त्याची देवाने दिलेली सोय आहे, असं दोघीही म्हणायच्या. दोघींचं एकमत होणारी ती एकच गोष्ट.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली तेव्हा ती पहाटेच उठून बसली. साइटवर जायची इतकी घाई झाली होती की डबा घरीच राहिला. आणि घाई का होणार नाही? या साइटवर भट्टी येणार होती.

ही साइट म्हणजे पावाचा एक जुना मोठा कारखाना. शेजारी त्याचं नवं दालन बांधायचं काम चालू होतं, आणि जुन्या दालनात नवी भट्टी बसायची होती. भट्टी कसली, हत्तीच. अखंड यायची होती, सुटे भाग करता येत नव्हते, दारातून जात नव्हती. म्हणून जुन्या दालनाच्या छपराला भोक पाडून, वरून क्रेनने आत उतरवायचं ठरलं होतं. भोक आणि भट्टी यांच्यात चारी बाजूंना वीतभर जागा. वरून घारोबाला दिसणार छप्पर. आत काय चाललंय ते फक्त आत उभ्या असलेल्या माणसाला दिसणार. अशी उचल सिग्नलवालीच्या नशिबात एखाद्याच वेळी येते. ऑपरेशनच्या आधी ती सुट्टीच्या दिवशीही दालनात जाऊन उभी राहायची, मान वर करून कोऱ्या छपराकडे बघायची आणि मनातल्या मनात भट्टी उतरवायची.

पण परत आल्यावर पहिल्याच दिवशी लोखंडी सळ्यांचा भारा उतरवताना खाज उठली. तिने दात आवळले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" भराभर म्हणून घेतलं, म्हटलं एवढं उतरू दे. शेवटच्या "दे" वर खोकला असा फुटला की वॉकीटॉकी हातात नाचली. वर घारोबाने नियमाप्रमाणे गचकन ब्रेक मारला. भारा झोके घ्यायला लागला आणि खालचे चार जण चार दिशांना पळाले.

"खोकला होता," ती म्हणाली.

"कळलं," वरून आवाज आला. "इथून पाताळात भूकंप झाल्यासारखा वाटला."

दिवसभर तेच. खोकला, गचका, झोका. संध्याकाळी सुतारांनी नवी प्रथा काढली. ती खोकली की सगळ्यांनी एका सुरात "बस" म्हणायचं. ती हसायला गेली आणि हसण्याने खोकली, आणि सगळे परत म्हणाले, "बस."

असे काही दिवस गेले. साइट इंजिनिअर तरुण पोरगा होता, मनाने चांगला, पण वेळापत्रक मागे पडायला लागलं की त्याची पेन्सिल चावणं वाढायचं. त्याने तिला काही म्हटलं नाही. पेन्सिलच बोलत होती.

आणि मग एके दिवशी गंमत झाली. प्लायवुडचा गठ्ठा भिंतीआड उतरत होता. तिला खोकला आला, आणि गठ्ठा थांबला नाही. ती खोकत असताना तो सावकाश, लोण्यात सुरी उतरावी तसा उतरत राहिला आणि नेमका जागेवर टेकला. तिने डोळे पुसले.

"घारोबा, थांबला नाहीत?"

"कशाला थांबू? खोकलाच होता. मला आता तुमच्या खोकल्याचे प्रकार पाठ झालेत, ताई. कोरडा, लांबडा, आणि तो शेवटी शिटी वाजते तो. त्यात काय घाबरायचं?"

तिला इतका आनंद झाला की काय सांगावं. गचके थांबले, झोके थांबले. सुतारांचं "बस" बंद पडलं. इंजिनिअरने पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाला, "जुनी जोडी आहे बाबा, यांना बोलायचीसुद्धा गरज नाही." ते ऐकून ती घरी गेली ती तरंगतच. सासूबाईंना म्हणाली, "माझा खोकलासुद्धा आता कामावर लागला, आई." सासूबाई म्हणाल्या, "पगार वेगळा देतात का विचार."

कुणाच्याही लक्षात आलं नाही की आवाज थांबला की क्रेन थांबते, हा नियम त्या दोघांनी मिळून, अगदी लाडाने, मोडून टाकला होता.

लक्षात आलं ते ढकलगाडीने. पुन्हा प्लायवूडच होतं. गठ्ठा डोक्याच्या थोडा वर, ती म्हणतेय "येऊ दे, येऊ दे", आणि एक गिलावा करणारा गडी ढकलगाडीसकट विसरलेली थापी उचलायला सरळ गठ्ठ्याखाली घुसला. तिने "बस" म्हणायला तोंड उघडलं. दचकून श्वास आत ओढला गेला, त्या गार श्वासाने खाज उठली, आणि "बस" च्या जागी खोकला बाहेर पडला. कोरडा, लांबडा. वर घारोबाने तो ओळखला. गठ्ठा येतच राहिला.

तिने हात हलवले, पण हात कुणाला दिसणार? गड्यानेच वर बघितलं आणि बेडकासारखी उडी मारली. गठ्ठा टेकला तो त्याच्या ढकलगाडीवर. गाडीची पत्र्याची पेटी कागदाच्या होडीसारखी चपटी झाली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. तो गडी थापी छातीशी धरून जमिनीवर बसला होता आणि काय झालं ते न कळून हसत होता. घारोबा शिडी उतरून खाली आला. जेवणाच्या सुट्टीशिवाय तो खाली उतरलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

"मला वाटलं खोकला आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"खोकलाच होता, घारोबा."

इंजिनिअरने तिला त्याच दिवशी स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे द्यायचे, हेल्मेट मोजून घ्यायची. तो रागावला नव्हता, हेच जास्त लागलं. "ताई, बरं वाटेपर्यंत," तो म्हणाला. "भट्टी पुढच्या महिन्यात आहे. तोवर खोकला गेला तर तुम्ही, नाहीतर कुजबुज."

कुजबुज म्हणजे दुसरा सिग्नलवाला. पोरगा हुशार, नजर तेज, पण आवाज असा की वॉकीटॉकीच्या आधी त्यालाच बॅटरी बदलावी असं वाटावं. तो स्टोअरमध्ये हातमोजे घ्यायला आला तेव्हा ओशाळून म्हणाला, "ताई, मला नको आहे ती भट्टी."

"काय म्हणालास? मोठ्याने बोल."

"काही नाही," तो म्हणाला. त्याचं पहिलं वाक्य मात्र तिला ऐकू आलं होतं.

तिने दुसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत सोडली आणि तिला पडद्यावर तिचाच घसा दाखवला. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतायत, मिटतायत. ती सगळा त्रास विसरून बघतच राहिली. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर टनांनी लोखंड उतरवलं, ती जोडी ही एवढीशी.

"दोन्ही पट्ट्या छान हलतायत," डॉक्टर म्हणाले. "गाठ नाही, सूज नाही. ऑपरेशनमध्ये आसपासच्या नसा थोड्या दुखावतात, नळीने घसा घासतो. काही जणांचा घसा नंतर हळवा होऊन बसतो. तुमचा झालाय. बहुतेकांचा निवळतो. तुमचा सावकाश निवळेल."

"किती सावकाश? माझी भट्टी आहे पुढच्या महिन्यात."

डॉक्टरांना भट्टीचं काही कळलं नाही. त्यांनी तिला आवाजावर उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

या आवाजाच्या बाई तिच्याहून बऱ्याच लहान होत्या आणि इतक्या उत्साहाने बोलायच्या की तिला पहिल्याच भेटीत आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "खोकल्याने घसा घासतो, घासला की खाज येते, खाज आली की खोकला," त्या म्हणाल्या. "ही साखळी मध्येच तोडायची. खाज उठली की खोकायचं नाही, खाकरायचंही नाही. आधी आवंढा गिळा. मग नाकाने छोटे छोटे श्वास आत, आणि मेणबत्ती फुंकल्यासारखा ओठांतून हळूहळू बाहेर. पाण्याची बाटली सोबत ठेवा. घोटभर घ्या. खाज आपोआप बसते."

तिने तिथेच करून बघितलं. खाज आली, गिळलं, हुंगलं, फुंकलं. खाज गेली. ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. मग परत बसली.

"पण बाई, हे करताना मी गप्प असते."

"हो."

"मी गप्प म्हणजे क्रेनशी कोण बोलणार?"

तिने सगळा नियम समजावून सांगितला. बाईंनी हनुवटीवर हात ठेवून ऐकलं. "क्रेनचं मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोकला यायच्या आधी तुम्हाला कळतं ना?"

"कळतं की. खाज उठते. मग मी भराभर बोलून घेते, तो यायच्या आत जेवढं उरकेल तेवढं."

"आणि मग तो दुप्पट जोराने येतो."

"येतो," तिने कबूल केलं.

घरी येईपर्यंत ती वाटभर गिळत, हुंगत, फुंकत आली. रस्त्यातल्या एका कुत्र्याने तिच्याकडे बघून वाट बदलली. घरात नवरा कोटाची बाही लावत होता, तोंडात टाचण्यांची रांग. ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगायला लागली. मध्येच तो थांबला. त्याने डावा हात वर केला, एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या उशीत खोचली, शेवटची खोचली, आणि मग घर हादरेल अशी शिंक दिली. नाक पुसून टाचण्या परत तोंडात घेऊ लागला.

ती बघतच होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे शेकडो वेळा पाहिलं असेल.

"अहो, तुम्हाला शिंक येणार हे आधीच कळलं?"

"न कळून कसं चालेल?" तो म्हणाला. "टाचण्या गिळेन ना. नाकात जरा हुळहुळलं की आधी टाचण्या बाहेर. मग शिंक येवो, न येवो."

"कधी येत नाही?"

"पुष्कळदा येत नाही. मग परत घ्यायच्या तोंडात. बिघडलं काय?"

ती उठली आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आई, तुमचा मुलगा शहाणा आहे."

"मी कधी नाही म्हटलं?" सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणायचीस."

सकाळी ती स्टोअर न उघडता थेट क्रेनच्या पायथ्याशी गेली. घारोबा शिडीला हात लावणार तोच तिने त्याला गाठलं. "मी आजवर खाज उठली तरी दामटून बोलत होते," ती म्हणाली. "उलटं करायचं. हुळहुळलं की मी आधी 'बस' म्हणणार. खोकला येवो, न येवो. तुम्ही सावकाश थांबा, गचका नको. माझं गिळून-फुंकून झालं की मी पुन्हा सुरू करेन."

घारोबाने विचार केला. "आणि न सांगता आला तर?"

"तर तुमचं काम. माझा आवाज तुटला की तुम्ही थांबायचं. कोरडा असो, लांबडा असो, शिटीवाला असो. माझ्या खोकल्याचे सगळे प्रकार विसरून जा, घारोबा."

"पाठ झालेलं विसरणं अवघड असतं, ताई."

"म्हणून तर सराव करायचा."

इंजिनिअरने आधी पेन्सिल चावली, मग पाण्याने भरलेलं एक पिंप दिलं, दोर लावून जागा बंद करून दिली, आणि जेवणाच्या सुट्टीतला वेळ दिला. खेळ असा ठरला. पिंप भिंतीआड उतरवायचं. ती वाटेल तिथे गप्प होणार, वाटेल तिथे मुद्दाम खोकणार. घारोबा थांबला नाही तर साइटला चहा घारोबाचा. तिने "बस" म्हणायच्या आधी खरा खोकला फुटला तर चहा तिचा.

पहिल्या दिवशी साइट घारोबाचा चहा प्याली. दुसऱ्या दिवशीही. ती "येऊ दे, येऊ दे" म्हणता म्हणता एकदम कोरडा खोकला काढायची, आणि पिंप हातभर खाली यायचंच. "हात ऐकत नाही हो," वरून कळवळून आवाज यायचा. "कानाला कळतं की नुसता खोकला आहे, आणि हात पुढे जातो." तिसऱ्या दिवशी तिने चहा पाजला, खरी खाज आली होती आणि जुन्या खोडीने ती दामटून बोलायला गेली होती. सुतार पैजा लावायला लागले. गिलाव्याचा तो गडी भिंतीवर चढून निकाल ओरडून सांगायचा. जेवायचं सोडून सगळी साइट पिंपाभोवती जमायची, आणि पिंप वरखाली करून करून त्यातलं पाणीसुद्धा दमलं असेल. पण हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती कुणाला न सांगता ती मनात नाचली. वेळेवर "बस" म्हटलं की दहातल्या निम्म्या वेळा खोकला येतच नव्हता. खाज उठायची, गिळलं की बसायची. घसा जणू म्हणत होता, ऐकलंस ना, मग झालं.

एका दुपारी ती बोलता बोलता न सांगता नुसती गप्प झाली. पिंप हवेत खिळल्यासारखं थांबलं. ती मुद्दाम बराच वेळ बोलली नाही. पिंप हललं नाही. भिंतीवरचा गडी म्हणाला, "मेले की काय दोघं?"

इंजिनिअर तिच्याजवळ आला. "भट्टी तुम्हीच उतरवा," तो म्हणाला. "कुजबुज वॉकीटॉकीचा दुसरा सेट घेऊन बाजूला राहील. आणि ताई, शंभरदा थांबायचं तर शंभरदा थांबा. मी रस्ता अर्धा दिवस बंद ठेवायची परवानगी घेतलीय."

भट्टीच्या दिवशी कारखाना बंद होता, तरी पाव भाजणारे सगळे घरच्यांना घेऊन फाटकाबाहेर उभे होते. भट्टी ट्रकवरून उचलली तेव्हा तिला ते दिसलं नाही, ती आत दालनात होती. आधी फक्त आवाज आला, बाहेरच्या माणसांचा, एकदम चढलेला. मग छपराच्या भोकातला उजेड कमी व्हायला लागला. एक काळा काठ सरकत आला, अजून आला, आणि आभाळ झाकलं गेलं. ती खाली उभी राहून वर बघत होती.

"तुमच्याकडे आली," कानात घारोबा म्हणाला. "मला आता छप्पर दिसतंय फक्त."

तिने बटण दाबलं. "येऊ दे. येऊ दे. येऊ दे."

हत्ती भोकात शिरला. चारी कोपऱ्यांना दोर धरून माणसं होती, त्यांना ती हाताने खुणावत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती. "येऊ दे, येऊ दे, उजवीकडे बोटभर, येऊ दे, हळू, हळू." भट्टीचा खालचा, पुढे आलेला पाय कडेच्या तुळईजवळून सरकत होता. वीतभर जागेची बोटभर झाली. आणि नेमकी तिथे, छपराची धूळ खाली झिरपली आणि तिच्या वणाच्या पाठीमागे पीस फिरलं.

सगळा जीव म्हणत होता, दामटून बोल. एवढा पाय जाऊ दे फक्त.

"बस," ती म्हणाली.

भट्टी थांबली. झोका नाही, गचका नाही. टनांनी लोखंड डोक्यावर, जणू छपरातूनच उगवलेलं. तिने गिळलं. नाकाने छोटे श्वास. ओठांतून फुंकर. इंजिनिअर बाजूला उभा होता, त्याच्या पेन्सिलीचा तुकडा पडल्याचा आवाज तिला ऐकू आला. दोरवाले तिच्याकडे बघत होते. भट्टी अगदी किंचित फिरायला लागली. तिने हाताने खूण केली, त्यांनी दोर ताणले, फिरणं थांबलं. तिने बाटलीतून घोट घेतला, तो जागेवर पोचेपर्यंत वाट पाहिली.

"येऊ दे. हळू. येऊ दे."

पाय तुळईजवळून गेला. अजून एकदा ती "बस" म्हणाली, आणि त्या वेळी खोकला आलाच नाही, नुसताच दारातून डोकावून गेला. मग भट्टी भोकातून पूर्ण आत आली आणि अख्खं दालन तिच्यापुढे लहान दिसायला लागलं. आता सरळ खाली. ती इतकी खूश झाली की आवाज चढला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," आणि त्या आनंदातच, कुठलीही खाज न उठता, कसलीही सूचना न देता, खोकला फुटला.

कोरडा. लांबडा. घारोबाला तोंडपाठ असलेला.

ती दुमडली. डोळ्यांतून पाणी आलं. कुजबुजचा हात त्याच्या सेटकडे गेला. तिने हाताने त्याला थांबवलं आणि वर बघितलं.

भट्टी थांबली होती. खालच्या रुळांपासून पुरुषभर उंचीवर, ढिम्म. ती खोकत राहिली, एक झाला, दुसरा झाला, शिटीवाला झाला. भट्टी तसूभर हलली नाही. वरून कुणी काही विचारलंही नाही. तिने गिळलं, फुंकलं, तोंड पुसलं आणि बटण दाबलं.

"आहात का, घारोबा?"

"कुठे जाणार? तुम्ही काही बोललाच नाहीत."

"येऊ दे मग. हळू. हळू. हळू."

भट्टीचे पाय रुळांवर टेकले तो आवाज कानाला नाही, तळपायांना कळला. बाहेर कुणीतरी सांगितलं असावं, कारण फाटकाकडून टाळ्यांचा एकच कल्लोळ उठला. पाव भाजणारे दालनात घुसले आणि गरम होण्याआधीच भट्टीला हात लावून बघायला लागले. इंजिनिअरने कुजबुजला मिठी मारली होती, कुजबुज पहिल्यांदाच ओरडत होता, आणि तो काय ओरडतोय ते सगळ्यांना ऐकू येत होतं. दोरवाल्यांनी पट्टे सोडवले. मोकळा हुक भट्टीच्या माथ्यावर लोंबकळत राहिला.

तिने "उचल" म्हणायला तोंड उघडलं आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती भट्टीला पाठ टेकून खोकली, हसली, पुन्हा खोकली. कुणी "बस" म्हटलं नाही. कुणीतरी पाणी पुढे केलं, तिने घोट घेतला, श्वास जुळवला.

वर, छपराच्या भोकाखाली, रिकामा हुक जागच्या जागी थांबला होता. त्याच्यावर काही भार नव्हता, खाली कुणाला धोका नव्हता. तो थांबला होता, कारण तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

"उचल," ती म्हणाली, आणि हुक वर निघाला.